मजबूत, पण कशापुढे?

पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सुरुवातीलाच शब्दांची एक रांग भेटते: बळकटी, ताठपणा, काठिण्य, चिवटपणा, तन्यता, ठिसूळपणा, थकवा, क्रीप. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि पुढे सरकतो, कारण रोजच्या बोलण्यात यांतले निम्मे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत चालतात. दुकानदार जे भांडे 'एकदम मजबूत' म्हणून विकतो ते जाड आहे, की आपटले तरी न फुटणारे, की ओरखडा न उठणारे, हे त्याला ठाऊक नसते आणि गिऱ्हाइकालाही त्याची फिकीर नसते. अभियांत्रिकीत मात्र हा मोघमपणा महागात पडतो. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच की यातला प्रत्येक शब्द ही एका ठरावीक परीक्षेची गुणपत्रिका आहे. परीक्षा कोणती, कोणत्या तापमानाला, किती वेळ, केवढ्या तुकड्यावर आणि कोणत्या दिशेने घेतली, हे कळल्याशिवाय त्या शब्दावर विसंबता येत नाही. हे पडताळून पाहायला हैदराबादसारखे सोयीचे शहर देशात क्वचितच सापडेल. हिरे, पोलाद, अग्निबाणांच्या कवचांची मिश्रधातू आणि अणुभट्टीच्या नळ्या, या चारही गोष्टींचा इतिहास या शहराशी किंवा त्याच्या जुन्या राज्याशी जोडलेला आहे, आणि चौघींची मोडण्याची तऱ्हा निरनिराळी आहे.

काठिण्यापासून सुरुवात करायची तर गोवळकोंड्याला जावे लागते. हिरे खुद्द किल्ल्यात निघत नव्हते. खाणी कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्लूरसारख्या ठिकाणी होत्या आणि बाजार गोवळकोंड्याचा होता. सतराव्या शतकात इकडे आलेला फ्रेंच जवाहिऱ्या जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए याने रावळकोंड्याच्या खाणीचे वर्णन लिहून ठेवले आहे. खडकातल्या अरुंद शिरांमध्ये हिऱ्यांची रेती असे आणि ती टोकाशी वाकवलेल्या लोखंडी सळ्यांनी ओढून काढत. शीर पुढे आवळली की पहारीचे घाव घालून खडक फोडावा लागे, आणि त्या हादऱ्याने आतले हिरे तडकत. त्या खाणीत दोषी आणि पातळ खडे इतके का निघतात, याचे त्याने दिलेले कारण हेच. सगळ्यांत कठीण पदार्थ पहारीच्या हादऱ्याने तडकतो हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात विसंगती काही नाही. फ्रीडरिश मोहस याने १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली ती कोण कोणावर ओरखडा काढतो या एका कसोटीवर, आणि त्या कसोटीत हिरा दहाव्या पायरीवर आहे. स्वीडनच्या ब्रिनेलने १९०० मध्ये आणलेली चाचणी वेगळी: १० मिलिमीटरची कठीण गोळी ३००० किलोच्या भाराने पृष्ठभागात दाबायची आणि उठलेला खळगा मोजायचा. दोन्ही चाचण्या पृष्ठभागाच्या लहानशा जागेला विचारतात की तू कितपत दबतोस. पसरत जाणाऱ्या तड्याला तू कसा अडवतोस, हा प्रश्न त्या विचारतच नाहीत. हिऱ्यातला प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला असल्याने तो दबत नाही. आणि दबत नाही म्हणूनच तड्याच्या टोकाशी जमा झालेली ऊर्जा जिरवायला त्याच्याकडे मार्ग नसतो. तडा सरळ निघतो, तोही ठरलेल्या चार प्रतलांवरून. जवाहिरे पिढ्यान्‌पिढ्या याच प्रतलांचा फायदा घेऊन हिरा फाडत आले. चिवटपणात हिरा काचेहून काही पट सरस असला तरी साध्या पोलादाच्या आसपासही नाही.

यावर कारखान्यातला माणूस हरकत घेईल, आणि ती वाजवी आहे. पोलादाचा विकर्स हार्डनेस (दाबून खळगा मोजण्याच्याच आणखी एका चाचणीचा आकडा) मोजून त्याला साधारण तीनने गुणले की ताणबळाचा मेगापास्कलमधला आकडा जवळपास बरोबर येतो. प्रत्येक माल खेचून तोडून पाहता येत नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये हार्डनेस टेस्टरवरच भागवतात आणि त्याने कामे अडत नाहीत. मग दोन शब्द कशाला हवेत? उत्तर असे की हे सूत्र खरे असले तरी त्याला हद्द आहे. तन्य पोलादात गोळी दाबणे आणि नमुना खेचणे या दोन्ही वेळी धातूचे थर एकमेकांवरून कायमचे सरकतात, म्हणून आकडे हातात हात घालून चालतात. बिडात ते फिसकटते. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या कडा खेचताना तड्यासारख्या वागतात, पण गोळी दाबताना त्यांचा तेवढा त्रास होत नाही. हिऱ्याच्या बाबतीत तर सूत्राचा विचारही करवत नाही. शिवाय काठिण्याचा नुसता आकडाही पुरत नाही. रॉकवेल चाचणीच्या बी मोजपट्टीवरचा ६० म्हणजे मऊसर धातू, सी मोजपट्टीवरचा ६० म्हणजे कापणारे हत्यार. ऑर्डरवर ते एक अक्षर लिहायचे राहिले तर भलताच माल दारात येऊन पडतो.

बळकटी आणि ताठपणा यांची गल्लत याहून जास्त होते आणि ती शिकलेल्यांकडूनही होते. भाराला छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की प्रतिबळ मिळते. लांबीतल्या वाढीला मूळ लांबीने भागले की विकृती. सुरुवातीला दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. त्या सरळ रेषेचा चढ म्हणजे यंगचा गुणांक, अर्थात ताठपणा. भार काढल्यावर नमुना ज्या ठिकाणापासून पूर्ववत होत नाही तो यील्ड, आणि तुटेपर्यंत जे मोठ्यात मोठे प्रतिबळ पेलले ते कमाल ताणबळ. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० च्या घरात, ॲल्युमिनियमचा ७०. गंमत अशी की साध्या बांधकामाच्या पोलादाचा यील्ड २५० मेगापास्कल आणि अग्निबाणाच्या कवचाच्या पोलादाचा १७०० च्या आसपास, तरी ताठपणा दोघांचा जवळपास सारखाच. ताठपणा अणूंमधल्या बंधांवर ठरतो आणि ते बंध भट्टीत तापवून किंवा पाणी देऊन फारसे बदलत नाहीत. बळकटी ठरते ती स्फटिकातल्या रचनादोषांच्या, म्हणजे डिसलोकेशनांच्या, वाटेत किती अडथळे उभे केले यावर, आणि ते अडथळे माणसाच्या हातात असतात. वजनाने वाकणाऱ्या फळीखाली साध्या पोलादाच्या पट्टीऐवजी महागातली बळकट पट्टी बसवली तरी बाक तेवढाच राहतो. फरक पडतो तो जाडी वाढवल्यावर. दिशेचेही तसेच. १५९१ सालच्या चारमिनारच्या कमानी पाहिल्या की कळते की दगडाला दाब चालतो, ताण सोसवत नाही. ग्रॅनाइट दाबाखाली जेवढे पेलतो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच ताणाखाली पेलतो. कारागिरांनी हे कोणताही गुणांक न मोजता ओळखले होते.

आता पोलादाकडे. निजामाबाद जिल्हा नांदेडला अगदी लागून. १९५६ पर्यंत दोन्ही हैदराबाद राज्यातच होते. त्या जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावी मुशीतले पोलाद बनत असे. युरोपीय लेखकांनी त्यालाच वूट्झ म्हटले. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर फिरणारा शल्यवैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी याने तिथली पद्धत स्वतः पाहून नोंदवली; ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये, प्रसिद्ध झाली. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत भरून, तोंड लिंपून, दिवसभर भट्टीत ठेवायचे, मग सावकाश निववायचे. इथवर सगळे सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा टप्पा: निघालेली वडी लगेच घडवायला घेत नसत, तिला मातीचा लेप देऊन पुन्हा तासन्‌तास तापवत आणि निववत, पुरेशी मऊ होईपर्यंत हे तीनचार वेळा चाले. इराणी व्यापारी या भट्ट्यांपाशी येऊन माल पारखून नेत.

या वड्यांचे कोडे युरोपला दीर्घकाळ सुटले नाही, आणि ते का सुटले नाही हे शब्दावलीच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठवलेल्या नमुन्यांवर जॉर्ज पियर्सन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडेने त्यात कोणता तरी गुप्त घटक असणार असे धरून शोध चालवला आणि काही काळ ॲल्युमिनियमवर ठपका ठेवला. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँने १८२० च्या दशकात खरा मुद्दा गाठला: रहस्य कार्बनच्या प्रमाणात आणि सावकाश निवण्यात आहे. वूट्झमध्ये कार्बन साधारण दीड टक्का असतो. एवढा कार्बन सावकाश निवताना लोहकार्बाइडच्या रूपाने वेगळा होतो आणि कणांच्या सीमांवर जाळे विणतो. ते जाळे ठिसूळ असते. मातीचा लेप देऊन पुन्हा पुन्हा तापवण्याचे काम हे जाळे तोडण्याचे होते. आपल्या सवयीने पांढरेशुभ्र तापवून घण घालणाऱ्या युरोपीय लोहारांच्या हाती त्याचा चुरा झाला, कारण इतक्या कार्बनचे पोलाद साध्या पोलादापेक्षा बरेच आधी वितळू लागते. माल तोच, घटक तेच. तापमान बदलले आणि 'उत्तम पोलाद' 'टाकाऊ' ठरले. म्हणून 'पदार्थ' या शब्दात नुसती घटकांची यादी येत नाही. कोणत्या प्रावस्था आहेत, कण केवढे आहेत, ते कसे रचले आहेत आणि तो माल कोणत्या प्रक्रियेतून गेला आहे, हे सगळे त्यात धरावे लागते. ०.८ टक्के कार्बनचे पोलाद सावकाश निववले तर कानस खाते. तेच लाल तापवून पाण्यात विझवले तर कानस घसरते.

वूट्झबद्दल आपल्याकडे जो अभिमान व्यक्त होतो त्यात एक घोळ आहे. दमास्कस तलवारी जगातल्या सर्वांत मजबूत, असे सर्रास लिहिले जाते. जुन्या तलवारींचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या संशोधकांना, विशेषतः जॉन व्हर्होवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, बहुतेक पात्यांत पर्लाइटच्या, म्हणजे लोखंड आणि लोहकार्बाइड यांच्या पातळ थरांच्या, पायात कार्बाइड कणांचे पट्टे आढळले. पाणीदार नक्षी उमटते ती त्या पट्ट्यांमुळे, आणि १९९८ च्या त्यांच्या निबंधानुसार पट्टे जुळून यायला व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी नगण्य अंश पुरतो. असा पाया आजच्या नीट पाणी दिलेल्या पोलादापेक्षा मऊच असतो. यावर कोणी म्हणेल की ही तर वारशाची हेटाळणी झाली. तसे नाही. शेफील्डच्या हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवले, त्याच्या कित्येक शतके आधी दख्खनेत वितळलेले, मळी नसलेले, सलग पोलाद मिळत होते आणि त्या वेळच्या भट्टीतल्या भेसळयुक्त लोखंडापुढे ते केव्हाही उजवे होते. तुलना कोणाशी, आणि पाहायची ती धार की लवचीकपणा, हे सांगितले की अभिमान जागेवर राहतो आणि विधान खरेही ठरते.

विसाव्या शतकात हैदराबादने हा व्यवसाय नव्या रूपात पुन्हा धरला. संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे डीएमआरएल, इथे १९६३ मध्ये आली. मिश्र धातु निगम, म्हणजे मिधानी, १९७३ मध्ये स्थापन झाली. दोन्ही कंचनबागला. मिधानीच्या मालात मॅरेजिंग पोलाद हे सगळ्यांत बोलके उदाहरण आहे: निकेल १८ टक्के, सोबत कोबाल्ट, मॉलिब्डेनम, थोडे टायटॅनियम, आणि कार्बन जवळजवळ नाहीच. कोनासमुद्रमच्या नेमके उलट. कार्बन नसल्याने विझवल्यावरही ते मऊसर राहते. तशा अवस्थेत ते वळवता, तासता, वेल्ड करता येते. नंतर ४८० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास ठेवले की पोटात सूक्ष्म संयुगांचे कण उगवतात, डिसलोकेशनांची वाट अडते आणि बळकटी चढते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे २.८ मीटर व्यासाचे कवच आणि एलव्हीएम-३ च्या बाजूच्या घन इंधन मोटरींचे ३.२ मीटरचे कवच याच जातीच्या पोलादाचे असते. अशी कवचे घडवणाऱ्या कारखान्यांत पुणे जिल्ह्यातले वालचंदनगर आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. बळकटी मोठी म्हणून भिंत पातळ ठेवता येते. पण ताठपणा वाढलेला नसतो, त्यामुळे हाताळताना कवच सहज चेपू शकते आणि त्याची उचलठेव जपून करावी लागते.

मात्र बळकटीवरच निवड करायची असती तर कार्बन असलेली मिश्र पोलादेही एवढा यील्ड देतात, आणि स्वस्तात. मॅरेजिंग निवडले जाते ते त्या बळकटीला टिकणाऱ्या चिवटपणासाठी. ११ एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेत २६० इंच व्यासाच्या एका अग्निबाण मोटरीचे कवच पाणी भरून दाबाच्या चाचणीला लावले होते. पोलाद १८ टक्के निकेलचे मॅरेजिंगच. ९६० पौंड प्रति चौरस इंच दाबापर्यंत न्यायचे होते. ते ५४२ ला फुटले आणि त्याचे तुकडे उडाले. तपासात उगम सापडला तो वेल्डिंगजवळच्या एका दोषाशी, लांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. पोलादाच्या बळकटीचे आकडे खोटे नव्हते. गुळगुळीत नमुन्यावर घेतलेली ती परीक्षा दोष असलेल्या कवचाला लागू नव्हती, एवढेच. काचेतल्या सूक्ष्म तड्यांवर ए. ए. ग्रिफिथने १९२० च्या सुमारास जे मांडले आणि जॉर्ज अर्विनने १९५० च्या दशकात धातूंसाठी जे गणितात बसवले, त्याचा गाभा हाच: तडा किती लांब आहे हे विचारल्याशिवाय भार किती पेलेल हे सांगता येत नाही. प्रतिबळ तेच ठेवून दोष चौपट लांब केला तर तड्याच्या टोकाचा जोर दुप्पट होतो. म्हणून चिवटपणा मोजताना नमुन्यात मुद्दाम तडा पाडून घेतात.

आतापर्यंतच्या परीक्षांत वेळ आला नाही. तो येतो मौला अलीच्या बाजूला, १९७१ मध्ये सुरू झालेल्या नाभिकीय इंधन संमिश्र या संस्थेत, जिला सगळे एनएफसी म्हणतात. तिथे झिर्कोनियमच्या नळ्या बनतात. झिर्कोनियम निवडले जाते कारण ते न्यूट्रॉन फार कमी गिळते. त्याचा निसर्गातला सोबती हाफ्नियम मात्र ते शेकडो पटींनी जास्त गिळतो, म्हणून दोघांना वेगळे करणे हाच मोठा खटाटोप. रोजच्या कामात शुद्ध ठरणारा धातू अणुभट्टीत अशुद्ध ठरतो, म्हणजे 'शुद्ध' या शब्दालाही परीक्षा लागतेच. जड पाण्याच्या अणुभट्टीतली दाबनळी ३०० अंशांच्या आसपास वर्षानुवर्षे आडवी राहते. तिच्यातले प्रतिबळ यील्डच्या बरेच खाली असते, तरी ती सावकाश लांबते आणि मध्ये झोल धरते; किरणोत्साराने ही गती वाढते. याला क्रीप म्हणतात. खेचून पाहण्याच्या काही मिनिटांच्या चाचणीत त्याचा पत्ताही लागत नाही.

१ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या पिकरिंग केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत अशी एक नळी जवळपास दोन मीटर लांब फाटली. तिला बाहेरच्या थंड नळीपासून अलग ठेवणाऱ्या स्प्रिंगा जागेवरून सरकल्या होत्या. क्रीपमुळे नळी झुकून बाहेरच्या नळीला टेकली. टेकलेली जागा थंड पडली. धातूत मुरलेला हायड्रोजन थंड जागेकडे सरकला आणि तिथे हायड्राइडचे ठिसूळ फोड तयार झाले. मूळ मिश्रधातू तन्य होती. काळ, तापमानातला फरक आणि बाहेरून आलेला हायड्रोजन यांनी ती त्या एका जागी ठिसूळ केली. पुढे त्या नळीच्या झिर्कलॉय-२ या मिश्रधातूच्या जागी अडीच टक्के नायोबियमची मिश्रधातू आली, आणि भारतातही दाबनळ्यांसाठी तीच स्वीकारली गेली. हायड्राइडच्या चकत्या नळीच्या परिघाला समांतर बसल्या तर फारसे बिघडत नाही. त्या आतून बाहेर, त्रिज्येच्या दिशेने उभ्या राहिल्या तर तेवढ्याच हायड्रोजनने नळी फाटू शकते. नळी कशी दाबून, ओढून घडवली आणि तीत स्फटिक कोणत्या दिशेला झुकले, यावर ते बरेचसे अवलंबून असते.

सर्वांत वजनदार हरकत संगणकवाल्यांची आहे. अणूंपासून सुरुवात करून गुणधर्म काढता येत असतील तर ब्रिनेलच्या काळातली ही वर्कशॉपी शब्दावली सोडून का देऊ नये? घनता, ताठपणा, उष्माधारकता या गोष्टी गणिताने आज खरोखर चांगल्या काढता येतात. पण यील्ड, चिवटपणा आणि थकवा, म्हणजे यील्डच्या खालचाच भार लाखो वेळा येऊन-जाऊन तडा जाणे, हे कणांच्या आकारावर, मिसळीवर आणि सर्वांत मोठ्या दोषावर ठरतात. आणि तो दोष कोणत्या वेल्डमध्ये राहून जाईल हे अणूंच्या समीकरणात नसते. पाठ्यपुस्तके गुणधर्मांची विभागणी यांत्रिक, औष्णिक, विद्युत अशी करतात. मला त्यापेक्षा रचनेवर न हलणारे आणि रचनेवर हलणारे असे दोन गट अधिक उपयोगाचे वाटतात, कारण पहिल्या गटाचा आकडा पुस्तकातून उचलता येतो आणि दुसऱ्या गटाचा त्याच मालावर मोजावा लागतो. दुसरी हरकत आहे मानकांची: भारतीय मानक एक आकडा देते, अभियंता तो वापरतो, एवढ्या कीसपाडीची गरज काय? पण मानक उघडून पाहिले तर त्यात आकड्याच्या आधी नमुन्याची लांबी, जाडी, खेचण्याची गती आणि तापमान लिहिलेले असते. कीस मानकानेच आधी पाडलेला आहे. आपण फक्त शेवटचा रकाना वाचतो.

हैदराबादच्याच बालापूर भागातल्या एआरसीआय संस्थेत आणि इतरत्र सध्या धातूची भुकटी थरावर थर वितळवून वस्तू छापण्यावर काम चालते. अशा भागातून उभा आणि आडवा कापलेला नमुना वेगवेगळा यील्ड देऊ शकतो. छपाईत राहिलेली छिद्रे उष्ण दाबाखाली मिटवली तर थकव्याचे आयुष्य वाढते, पण पृष्ठभाग खडबडीत ठेवला तर ते पुन्हा घटते. त्यामुळे अशा मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवर रासायनिक घटक आणि ताणबळ यांच्या जोडीला छपाईची दिशा, नंतरची उष्णताप्रक्रिया आणि पृष्ठभागाची अवस्था हे रकाने असावे लागतात. मिश्रधातूचे नुसते नाव सांगून असा माल खरेदी करणे शक्य असले तरी शहाणपणाचे नाही.